बेनेव्होलंटचं आजोळ

माझी फुई कुणालाही पहिल्यांदा भेटली की त्याचं नाव विचारत नाही, गाव विचारते. फुई म्हणजे वडिलांची थोरली बहीण. तुम्ही आत्या म्हणत असाल. गाव कळलं की आडनाव, आडनावानंतर कूळ, कुळानंतर आजोळ. एवढं झालं की माणूस सुटतच नाही, पाचव्या मिनिटाला तो फुईचा कुणीतरी लागतोच. गॅसची टाकी आणणारा तिचा भाचा निघालाय, मीटर वाचायला येणारा चुलत नणंदेचा दीर. एकदा कसल्याशा कंपनीची जाहिरात सांगायला एका मुलीचा फोन आला. अर्ध्या तासाने ती मुलगीच म्हणत होती, “मावशी, आता ठेवू का? साहेब रागावतील.” ती चोपड्याची होती आणि तिच्या आईला कुठल्या गावाहून आणली होती ते फुईने तिला सांगितलं होतं.

यशोदाबाई हे तिचं नाव. माहेर शिरपूरकडचं, सासर जळगावात, शिक्षण सातवी. उद्योग एकच, सोयरिकी जुळवणे. तीस वर्षं करतेय आणि हौसेने करतेय. लाल कापडी बांधणीची एक जाडजूड वही आहे, त्यात एका पानावर एक घराणं. फुई त्या वहीवर हात ठेवून काही बोलली की धुळ्यापासून जळगावपर्यंत कुणी पुढे प्रश्न विचारत नाही. “मना तोंडनं खोटं निंघत नही,” असं ती दिवसातून दोनदा तरी म्हणते, आणि चिडवायला गेलं तरी ते खोडून काढता येत नाही.

आणि मी मोनाली. गणितात पैकीच्या पैकी, इंग्रजीत नुसता शिमगा. केंद्र सरकारच्या नोकरीची एक परीक्षा मी दोनदा दिली. पहिल्यांदा चार गुणांनी गेली, दुसऱ्यांदा दोन. दोन्ही वेळा मला बुडवलं ते अवघड इंग्रजी शब्दांच्या पंचवीस प्रश्नांनी. तिसऱ्या खेपेला आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, शिरपूरजवळच्या आमच्या गावातून मला उचललं आणि जळगावला फुईच्या दारात आणून सोडलं.

“अक्का, हाई शेवटली परीक्षा,” ते म्हणाले. “जमनं तं ठीक, नही तं आखाजीले लगन. तू पोऱ्या देखी ठेव.”

“हौ,” फुई म्हणाली.

“फुई, मले अभ्यास करू देशी ना?” मी विचारलं.

“हौ,” फुई मलाही म्हणाली.

मला असा संताप आला! दोन्ही डगरींवर हात ठेवणं म्हणतात ते हेच. मुलीला अभ्यासाला बसवायचं आणि बाजूला आखाजीसाठी, म्हणजे अक्षय्य तृतीयेसाठी, नवरा शोधत राहायचं. चार दिवस मी तिच्याशी धड बोलले नाही. पाचव्या दिवशी मात्र बोलावं लागलं, कारण गच्चीवर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घालायचे होते आणि फुईच्या घरात फुकट कुणी बसत नाही.

ती शिजवलेला ज्वारीचा चीक ओल्या कापडावर हाताने पसरत होती आणि मी वाटीने पाणी देत देत शब्दांची यादी घोकत होते. बाराशे शब्द, अकारविल्हे. ‘सी’ला पोचेपर्यंत ‘ए’मधले सगळे पळून जायचे.

“बेनेव्होलंट म्हणजे परोपकारी. बेनेव्होलंट म्हणजे परोपकारी. बेनेव्होलंट...”

“हाऊ बेनेव्होलंट कोनता गावना शे?” फुईने मान वर न करता विचारलं.

“फुई, तो माणूस नाहीये, शब्द आहे.”

“म्हनीसन काय झायं? कोठून तरी उना व्हई ना?”

तिला गप्प करायला मी फोनवर शब्दाचं मूळ काढलं. लॅटिन. बेने म्हणजे भलं, व्होल म्हणजे इच्छा करणं.

“म्हंजे कूळ बेने आनि आजोळ व्होल,” फुई म्हणाली. “बापकडथून भलं, मायकडथून इच्छा. भलं चिंतनारा. बरं, याना भाऊबंद कोन?”

मी शोधलं. बेनिफिट, बेनिफॅक्टर, बेनेडिक्शन. सगळं भलं करणारं, भलं बोलणारं घर.

“आनि आजोळकडला?”

मॅलेव्होलंट निघाला. मॅल म्हणजे वाईट. फुई दोन्ही हात चिकाने भरलेले तशीच उठून उभी राहिली.

“माय वं! म्हंजे दोन्ही मावसभाऊ! दोन बहिनी, एक भला घरमा दिधी, एक कपटी घरमा. पोरं बापवर गयात!”

मी हसले. हसता हसता लक्षात आलं की हे दोन शब्द आता मला मरेपर्यंत सोडणार नाहीत. मी यादी फाडली नाही, कारण ती विकत आणलेली होती. पण बंद करून पाण्याच्या टाकीमागे टाकून दिली आणि फुईच्या शेजारी मांडी घालून बसले.

त्या दिवसापासून आमच्या गच्चीवर नुसता लग्नघरासारखा गोंधळ. एलोक्वंट, लोक्वेशस, कलोक्विअल, सोलिलोक्वी असे सगळे बोलण्याच्या कुळातले निघाले. फुईने कपाळाला हात लावला. “या घरमा पोर देवानी नही. कोनी ऐकनाराच नही, बठ्ठा बोलनारा.” सोलिलोक्वी म्हणजे एकट्याने स्वतःशी बोलणं हे कळल्यावर मात्र ती हळहळली. “त्या बिचारानं लगन व्हयेल नशी.”

एकदा मी उत्साहाच्या भरात मॅलिएबल हा शब्दही मॅलच्या घरात ढकलला. फुई लगेच वरमाईसारखी आडवी आली. “थांब. गावमा दोनशे पाटील शेतस, म्हनीसन बठ्ठा भाऊबंद व्हई गयात का? आडनाव देखू नको, कूळ इचार.” विचारलं. मॅलिएबल निघाला हातोड्याच्या घरचा. ठोकलं की हवा तसा आकार घेणारा. मॅलशी त्याचा काडीचा संबंध नाही. माझ्या क्लासच्या सरांनीही तो चुकीच्या रकान्यात लिहून दिला होता. सातवी पास बाईने तो एका म्हणण्यासरशी बाहेर काढला. मला फुईच्या गळ्यात पडावंसं वाटलं आणि मी पडलेही. चीक माझ्या केसांना लागला.

सगळ्यात मजा मिस्क्रिअंटने आणली. मिस्क्रिअंट म्हणजे बदमाश. फोन सांगत होता की हा क्रेडच्या, म्हणजे विश्वासाच्या कुळातला. क्रेडिट, क्रेडिबल यांचा भाऊबंद. पण चेहरा काही जुळेना. ‘ड’ कुठे गेला? मग खाली बारीक अक्षरात सापडलं, शब्द फ्रान्समधून फिरून आलाय.

“दत्तक गयेल शे तो,” फुईने निकाल दिला. “दत्तक गया म्हंजे आडनाव बदलस, तोंडवळा बदलस. रगत बदलत नही.”

ही सगळी मंडळी फुई आपल्या लाल वहीत लिहून घ्यायची. वेगळी वही कशाला, म्हणायची, घराणी ती घराणीच. त्यामुळे अमळनेरच्या एका घरानंतर बेने, मग पारोळ्याचे दोन मुलगे, मग क्रेड, अशी पानं होत गेली. नाव, कूळ, आजोळ, स्वभाव. मॅलेव्होलंटच्या पुढे तिने ठळक अक्षरात लिहिलं होतं : स्वभाव कपटी, देऊ नये.

आम्ही दोघी पार चळलो होतो. बाजारात जाताना भोंगा वाजवत ॲम्ब्युलन्स गेली तर फुई भर रस्त्यात थांबली आणि तिचं कूळ विचारून मोकळी झाली. ॲम्ब्युल म्हणजे चालणं, मी सांगितलं. पूर्वी चालता दवाखाना म्हणायचे. “चालनारी? हाई तं पळी ऱ्हायनी!” फुई म्हणाली आणि आम्ही भाजीवालीसमोर पोट धरून हसलो. एक हजार शब्द झाले, मग दीड हजार. सराव परीक्षेत पंचवीसपैकी एकवीस आले. पहिल्यांदाच मला वाटायला लागलं की मी या परीक्षेतून पार होईन, नोकरीला लागेन, नव्या गावाला जाईन आणि तिथल्या लोकांना मीच त्यांचं गाव विचारीन.

परीक्षेला आठ दिवस उरले आणि धुळ्याहून सुकलाल नाना आले.

ते, त्यांच्या घरच्या भिकुबाई आणि मुलगा स्वप्नील. फुईनेच त्यांना दोन महिन्यांपूर्वी शब्द टाकून ठेवला होता. आखाजीच्या सुमाराला या, असं सांगितलं होतं. ते आधीच आले. स्वप्नीलचं मोटारी दुरुस्तीचं दुकान, दिसायला नीटस, तोंडाने मुका. मी चहा आणि शेव घेऊन गेले. भिकुबाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, खूश झाल्या आणि आमच्या घराण्याचं पान बघावं म्हणून समोरची लाल वही उघडली. उघडली ती नेमकी भलत्या ठिकाणी.

“यशोदाबाई,” त्या चष्मा सावरत म्हणाल्या, “हाई बेने मंडळी कोठली? आमी नाव ऐकेल नही.”

फुईने पदर सावरला. “दूरनी शे. लॅटिननी.”

“लॅटिन कोनता तालुकामा?”

“तापीना पल्याड.”

भिकुबाईंनी पान उलटलं आणि त्यांचा आवाज खाली आला. “मॅलेव्होलंट. स्वभाव कपटी, देऊ नये. हाऊ तुमना नातामा शे का?”

“मावसभाऊ शे, पन येनंजानं नही,” फुई म्हणाली. मी शेवेची ताटली तोंडासमोर धरली.

सुकलाल नानांनी मान पुढे केली. “पन हाऊ बेनेव्होलंट चांगला दिखस. भलं चिंतनारा. याना लगननं काय? मनी एक भाची शे.”

स्वप्नीलला ठसका लागला. त्याला इंग्रजी येत होतं, हे मला तेव्हा कळलं. मी आत पळाले आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर डोकं टेकून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. बाहेर फुई अगदी शांतपणे सांगत होती की त्याचं घर भरलेलं आहे, आता जागा नाही.

पण हसू फार टिकलं नाही. मी परत बाहेर आले तेव्हा नाना मांडी ठोकून बसले होते. पोर पसंत आहे, म्हणाले. ब्राह्मणाने तारीख काढून दिली आहे, येत्या रविवारी साखरपुडा करून टाकू, आखाजीला लग्न.

येत्या रविवारी माझी परीक्षा होती. मी तसं म्हटलं. भिकुबाई गोड हसल्या. “आते परीक्षा कशाले, बेटा? आमना घरमा काय कमी शे?”

नानांनी तिथूनच आप्पांना फोन लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा. असं चांगलं घर चालून आलेलं ऐकून आप्पांचा आवाज पाघळलेला मला इथवर ऐकू येत होता. तरी ते एवढंच म्हणाले, “अक्का सांगी ते मान्य.”

सगळ्यांनी फुईकडे पाहिलं. मीही पाहिलं. फुईने तीस वर्षांत कधी एवढं जमत आलेलं स्थळ हातचं सोडलं नव्हतं. मुलात काही खोट नव्हती, घरात काही खोट नव्हती. काय कारण सांगणार होती ती?

फुईने वही जवळ ओढली, नानांच्या घराण्याचं पान काढलं आणि त्यावर हात ठेवला.

“नाना,” ती म्हणाली, “तुमना पणजा नथ्थू दत्तक व्हता ना?”

“हौ.”

“कोना घरना?”

“ते कोनले माहीत?” नाना म्हणाले. “प्लेगमा बठ्ठा मरी गयात. मना बापनी बी भलता शोध लिधा, पन मूळ काय सापडनं नही.”

“माले माहीत शे,” फुई म्हणाली. “आमना घरना व्हता तो. आमना पणजाना धाकला भाऊ. आडनाव बदलनं, पन कूळ एकच. नाना, हाई पोर तुमनी पुतनी लागस. सोयरीक कशी व्हई?”

भिकुबाईंनी हातातला कप हळूच खाली ठेवला. आणि स्वप्नील, जो आल्यापासून एक शब्द बोलला नव्हता, तो एवढा मोठा श्वास सोडून माझ्याकडे बघत म्हणाला, “मग ताई, पाणी मिळेल का?” माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा आहे तो. पण त्यालाही लग्न नकोच होतं, हे काय लपून राहतंय!

नानांना मात्र ते हसण्यावारी नेता येईना. त्यांनी खिशातला रुमाल काढून चेहरा पुसला. “चार पिढी,” एवढंच म्हणाले, आणि उठून फुईच्या पाया पडले. फुईने पाय मागे घेतले. ती मला पहिल्यांदाच गोंधळलेली दिसली.

ते गेल्यावर मी तिला गाठलं. “फुई, खरं का गं हे?”

“अभ्यास कर,” फुई म्हणाली आणि वही घेऊन आत गेली.

आता नातं निघालं म्हटल्यावर खानदेशात पुढचं काही विचारायची सोय राहत नाही. परीक्षेचं केंद्र धुळ्याला आलं होतं. आदल्या दिवशी लॉजवर उतरते म्हणाले तर भिकुबाई फोनवर ओरडल्याच, भाऊबंदाचं घर असताना लॉज? म्हणून ज्या घराशी साखरपुडा टळला त्याच घरात मी पुतणी म्हणून पाहुणचार घेतला. भिकुबाईंनी शेवभाजी केली, मला आग्रह करकरून वाढली आणि जेवताना विचारलं, त्या मॅलेव्होलंटचं पुढे काही जमलं का. सकाळी स्वप्नीलने मोटरसायकलवरून केंद्रावर सोडलं. गेटवर म्हणाला, “ताई, बेनेव्होलंटला माझा नमस्कार सांग.”

पेपरात तेविसावा प्रश्न आला : सोमनॅम्ब्युलिस्ट म्हणजे कोण? हा शब्द मी जन्मात पाहिला नव्हता. चार पर्याय होते आणि चारही सारखेच परके. पूर्वीची मी तिथेच देवाचं नाव घेऊन कशावरही खूण केली असती. आता मी पेन खाली ठेवलं आणि त्याला विचारलं, काय हो, गाव कोणतं? सोम्न. म्हणजे इन्सोम्नियाच्या, झोप न येणाऱ्याच्या घरातले तुम्ही. कूळ झोपेचं. आणि आजोळ? ॲम्ब्युल. अगंबाई, तुमची आई तर भोंगा वाजवत जाणाऱ्या ॲम्ब्युलन्सच्या माहेरची! झोप आणि चालणं. झोपेत चालणारा! मी इतक्या जोराने हसले की पर्यवेक्षक बाई जवळ येऊन उभ्या राहिल्या आणि माझ्या बाकाखाली चिठ्ठी आहे का ते वाकून बघून गेल्या.

आखाजीच्या आदल्या आठवड्यात निकाल लागला. पंचवीसपैकी तेवीस. मी पास झाले, यादीत नाव आलं, नोकरी मिळाली. फुईने गल्लीभर ओरडून सांगितलं. आप्पा शिरपूरहून पहिल्या बसने जिलेबीचा पुडा घेऊन आले. फुई शेजारणींना जिलेबी वाटायला बाहेर गेली तेव्हा ते माझ्याजवळ बसले.

“सुकलाल नानाना मले त्याच दिन फोन उना व्हता,” ते म्हणाले. “रुपचंद भाऊ, तुमना पणजाले धाकला भाऊ व्हता का, इचारे.”

माझ्या हातातली जिलेबी हातातच राहिली. “मग तुम्ही काय सांगितलं?”

“मी सांगं, हौ, व्हता. नथ्थू.”

“म्हणजे खरंच होता?”

आप्पांनी दाराकडे बघून घेतलं. “नही वं. आपला पणजा एकलता एक व्हता. मनी अक्का जिंदगीमा कधी खोटं बोलनी नही, मोना. त्या दिन तुनासाठे बोलनी. तव्हय माले समजनं, तुनी परीक्षा केवढी मोठी शे. मी फोनवर नही म्हनतू तं मना तोंडले किडा पडता.”

ज्या माणसावर मी सहा महिने रागावले होते, तो हातातल्या जिलेबीचा पाक चाटत इतक्या सहज बोलत होता.

“आते एक गोट,” ते म्हणाले. “नातं जोडं शे, तं निभाडनं पडी.”

निभावावं लागलंच. श्रावणात सुकलाल नाना सगळं घरदार गाडीत घालून आमच्या गावी मूळ घर बघायला आले. पणजोबा कोणत्या खोलीत जन्मले, त्यांनी विचारलं. आप्पांनी पापणीही न हलवता मधल्या खोलीकडे बोट दाखवलं. ती खोली आठ वर्षांपूर्वी सिमेंटने बांधलेली आहे आणि त्यात कापूस भरतात. नाना चपला काढून आत गेले आणि कापसाच्या ढिगासमोर हात जोडून उभे राहिले. मला हसू फुटणारच होतं, पण शेजारी उभ्या फुईने माझा हात घट्ट धरला. ती रडत होती, आणि मग मीही रडायला लागले. नाना बाहेर आले, आम्हाला रडताना पाहून म्हणाले, “रडू नका, आते तं भेटनूत ना,” आणि स्वतःच रडू लागले. मी स्वप्नीलला राखी बांधली. जरा घट्टच बांधली.